पाहुणे, निर्वासित आणि खर्चाची वही

ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी पोलंडची राजधानी वॉर्सा येथे कोल्हापूरच्या नावाने उभारलेल्या स्मारकाला पुष्पचक्र वाहिले. मराठी वृत्तपत्रांनी ही बातमी आनंदाने छापली आणि तो आनंद रास्तच होता. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेल्या सुमारे पाच हजार पोलिश नागरिकांना १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळीवडे येथे आसरा मिळाला. त्यांत बायका, मुले आणि वृद्ध यांचाच भरणा होता. ऐंशी वर्षांनंतरही त्यांची मुलेबाळे कोल्हापूरचे नाव घेतात, ही कोणत्याही गावाला भूषणावह गोष्ट आहे.

मात्र वळीवड्याची हकिगत १९४८ साली संपत नाही. पोलिश लोक गेले आणि त्याच जागेत सिंधमधून आलेली कुटुंबे राहू लागली. त्या वसाहतीला गांधीनगर हे नाव पडले. आज पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि उत्तर कर्नाटकातले कापड दुकानदार माल भरायला जातात ते हेच गांधीनगर. पोलिश छावणीवर लेख येतात, पाहुणे येतात, स्तंभ उभा राहतो. त्याच जागेवर नंतर आलेल्यांविषयी आपण बोलतो ते फक्त ‘कापड तिथे स्वस्त मिळते’ एवढेच.

एकाच जमिनीवरच्या या दोन निर्वासित समूहांच्या वाट्याला इतक्या वेगळ्या आठवणी का याव्यात, हा प्रस्तुत लेखाचा प्रारंभबिंदू आहे. त्यातून पुढचा मुद्दा निघतो. निर्वासितांना घ्यावे की नाही आणि घेतले तर खर्च कोणी सोसावा, या वादात आपली सार्वजनिक चर्चा नेहमी ‘आकडा’ मागते. आकडा मागण्यात गैर काही नाही. पण तो मागताना तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. पैसा नेमका कोणाच्या खिशातून गेला? प्रत्यक्ष भार कोणत्या गावावर, कोणत्या माणसांवर पडला? आणि ही खर्चाची वही किती वर्षे उघडी ठेवली? हे तीन प्रश्न वगळून मांडलेला हिशेब, मग तो निर्वासितांच्या बाजूचा असो की विरोधातला, अर्धवटच राहतो.

शब्दांपासून सुरुवात

हिशेबाच्या आधी शब्द तपासले पाहिजेत. मराठीत आपण ‘निर्वासित’ म्हणतो, हिंदीत ‘शरणार्थी’ म्हणतात. दोन्ही शब्द संस्कृतातून आले असले तरी त्यांची तोंडे वेगळ्या दिशांना आहेत. निर्वासित म्हणजे ज्याचा वास काढून घेतला गेला तो. या शब्दात त्या माणसावर काय गुदरले ते सांगितले आहे. शरणार्थी म्हणजे शरण मागणारा. यात तो आपल्या दारात येऊन काय मागतो ते सांगितले आहे. पहिल्या शब्दाची नजर मागे, त्याच्या जळालेल्या घराकडे जाते. दुसऱ्याची नजर आपल्या कोठाराकडे वळते.

मराठीला पहिला शब्द लाभला हे भाग्यच म्हणायचे. पण वादाला तोंड फुटले की आपण शब्द ‘निर्वासित’ वापरतो आणि विचार ‘शरणार्थी’ या अर्थाने करतो. त्याच्यावर काय झाले हा प्रश्न मागे पडतो, तो आपल्याकडून काय घेणार हा प्रश्न पुढे येतो. तिसरा शब्द ‘विस्थापित’. तो सरकारी कागदात येतो आणि फाळणीतल्या माणसापासून धरणाखाली गेलेल्या गावापर्यंत सर्वांना लागू होतो. चौथा ‘घुसखोर’. हा शब्द आला की चौकशी सुरू होण्याआधीच निकाल लागलेला असतो. एकाच माणसाला हे चारही शब्द लावता येतात. कोणता लावायचा हे पुष्कळदा त्याच्यावर काय ओढवले यावर ठरत नाही, तो कोणत्या साली, कोणत्या दिशेने आणि कोणत्या धर्माचा म्हणून आला यावर ठरते. खर्चाचा आकडा त्या शब्दाच्या मागोमाग येतो.

वळीवडे : खर्च कोणाचा?

पोलिश लोक कोल्हापूरला कसे पोहोचले? १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधली लाखो माणसे रशियाने १९४० आणि ४१ मध्ये सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या मुलखांत नेऊन टाकली. जून १९४१ मध्ये जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा रशियाने पोलंडच्या लंडनस्थित सरकारशी समझोता केला आणि या माणसांची सुटका सुरू झाली. १९४२ मध्ये पोलिश सैन्याबरोबर हजारो बायकामुले इराणात उतरली. तिथून त्यांची पांगापांग झाली. काही पूर्व आफ्रिकेत, काही मेक्सिकोत, काही न्यूझीलंडला आणि काही भारतात आली. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी अनाथ मुलांची व्यवस्था केली. कुटुंबांसाठीची मोठी छावणी वळीवड्याला झाली. तिथे शाळा होत्या, प्रार्थनास्थळ होते, नाटके होत, बालवीरांची पथके होती.

आता खर्च. बालाचडीच्या मुलांसाठी संस्थानिकांनी आणि उद्योगपतींनी मदत केली, हे खरे आहे. वळीवड्याचा मुख्य खर्च मात्र लंडनमधले पोलिश सरकार करीत होते आणि त्या सरकारचा कारभार ब्रिटनने दिलेल्या कर्जावर चालत होता. जुलै १९४५ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने त्या सरकारची मान्यता काढून घेतली. त्यानंतर यथावकाश जबाबदारी ‘उन्रा’ या आंतरराष्ट्रीय मदत संस्थेकडे आणि मग आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेकडे गेली. म्हणजे वळीवड्याची छावणी ही कोल्हापूरच्या भूमीवरची, पण बऱ्याच अंशी बाहेरच्या पैशावर चाललेली छावणी होती. शिवाय हे लोक युद्ध संपल्यावर जाणार, हे सर्वांनी गृहीत धरले होते.

एवढ्याने कोल्हापूरचे श्रेय कमी होते काय? मला तसे वाटत नाही. जागा देणे, पाणी देणे, परकी भाषा आणि परका धर्म असलेल्या पाच हजार माणसांना शेजार देणे, याची किंमत रुपयांत होत नाही. शिवाय छावणीला भाजी, दूध, सरपण लागत होते. त्याचा पैसा आसपासच्या गावांत आणि कोल्हापूरच्या बाजारात खेळला. पण आपण या प्रसंगाचा दाखला ‘आम्ही किती दिले’ म्हणून देतो तेव्हा चूक करतो. तो दाखला याचा आहे की खर्चाची तजवीज बाहेरून झाली, मुक्कामाची मुदत ठरलेली असली आणि येणाऱ्यांच्या मतांची कोणाला भीती नसली, की आदरातिथ्य सोपे जाते. पोलिश लोक आपल्या लेखी अखेरपर्यंत पाहुणे राहिले. पाहुण्याचा खर्च कोणी वहीत मांडत नाही.

आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. छावणी सुरू झाली त्याच १९४३ साली बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली. त्या काळच्या सत्तेला पाच हजार माणसांना नीट खायला घालणे जमत होते आणि आपल्याच प्रजेला वाचवणे जमत नव्हते. दोष अर्थातच पोलिश बायकामुलांचा नव्हता. यावरून कळते ते इतकेच की कोणाला जगवायचे हे तिजोरीत किती आहे यावरच ठरत नाही, कोणाचा जीव कोणाला महत्त्वाचा वाटतो यावरही ठरते. ‘परवडत नाही’ हे विधान म्हणूनच नेहमी तपासून घ्यावे लागते.

त्याच जागी दुसरे रहिवासी

सिंधी निर्वासितांची गोष्ट वेगळी होती. जानेवारी १९४८ मध्ये कराचीत दंगल झाली आणि सिंधमधल्या हिंदूंचा धीर सुटला. जहाजे भरभरून माणसे मुंबई आणि काठेवाडच्या बंदरांत उतरू लागली. मुंबई प्रांताच्या सरकारपुढे अन्नटंचाई, घरटंचाई आणि नवे स्वातंत्र्य असे तिहेरी ओझे होते. सरकारने १९४८ मध्ये निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्यात त्यांची नोंदणी आणि त्यांनी कुठे राहावे यावरचे नियंत्रण यांची तरतूद होती. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावण्यांत लाखाच्या आसपास माणसे कोंबली गेली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. गावाला ‘कॅम्प नंबर चार’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणायची सवय आजही गेलेली नाही. पिंपरी, चेंबूर, मुलुंड येथेही अशाच वसाहती झाल्या.

या लोकांना ‘बाहेरचे’ म्हटले गेले. इथे इतिहासाची एक नोंद महत्त्वाची आहे. १८४३ मध्ये इंग्रजांनी सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला आणि १ एप्रिल १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता. म्हणजे १९४८ मध्ये बंदरावर उतरलेला चाळिशीचा सिंधी माणूस आपल्या आयुष्याची पहिली अठ्ठावीस वर्षे मुंबई इलाख्याचाच रहिवासी होता. कराचीतली जुनी सरकारी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते. कोकणातली माणसे आगबोटीने जशी मुंबईला जात तशी कराचीलाही जात. कोकणी मुसलमानांची ‘कोकण’ नावाची वसाहत कराचीत आजही आहे.

सिंध वेगळा करण्याचा वादही पैशांवरूनच रंगला होता. मुंबई सरकारने सिंधू नदीवर सक्कर येथे प्रचंड बंधारा बांधला. त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉईड यांचे नाव दिले गेले आणि १९३२ मध्ये तो सुरू झाला. बंधाऱ्याचे कर्ज डोक्यावर असताना सिंधला स्वतंत्र प्रांत म्हणून परवडणार कसे, असा विरोधकांचा सवाल होता. तेव्हा सिंध जाऊ देणे परवडत नाही असे म्हटले गेले आणि बारा वर्षांनी सिंधी माणूस येऊ देणे परवडत नाही असे म्हटले गेले. दोन्ही वेळा आकडे खरे असतील. पण वाद आकड्यांचा होता यावर विश्वास ठेवणे कठीण जाते.

भरपाईची दुसरी बाजू

फाळणीतल्या निर्वासितांवर सरकारने किती खर्च केला, हे सांगताना त्या खर्चाची घडण सांगितली जात नाही. त्याचा बराच भाग कर्जरूपाने होता. निर्वासितांना उद्योगधंद्यासाठी पैसा द्यायला १९४८ मध्ये पुनर्वसन वित्त प्रशासन स्थापन झाले. ते व्याजाने कर्ज देत होते. कर्ज आणि देणगी यांना एकाच रकान्यात घालून ‘इतके कोटी वाटले’ म्हणणे, हे कोणत्याही पेढीवरच्या कारकुनाला पटणार नाही.

दुसरा भाग भरपाईचा. १९५४ च्या विस्थापितांची भरपाई आणि पुनर्वसन यासंबंधीच्या कायद्याने एक भरपाई निधी उभा केला. त्यात सरकारचा पैसा आणि सरकारने बांधलेली घरे होती, तशीच भारत सोडून पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ताही होती. म्हणजे आलेल्यांच्या पुनर्वसनाचा काही हिस्सा गेलेल्यांच्या घरादारांतून भरला गेला. सीमेच्या पलीकडेही हेच घडले.

या व्यवहारात एक तिसरा माणूस भरडला गेला. तो गेला नव्हता, पण जाईल असा संशय होता. त्या काळच्या निर्वासित मालमत्ता कायद्यात ‘देशांतर करू पाहणारा’ असाही एक वर्ग होता. ज्या किनाऱ्यावरच्या घराघरांतला एखादा भाऊ, एखादा मुलगा फाळणीच्या आधीपासूनच कराचीच्या गोदीत किंवा जहाजावर नोकरीला होता, तिथे अशा कायद्याची धास्ती काय असेल याची कल्पना करता येते. नोकरीसाठी गेलेला माणूस एका रात्रीत परदेशी झाला आणि मागे राहिलेल्यांना आपण इथलेच आहोत हे कागदाने सिद्ध करण्याची पाळी आली. निर्वासित धोरणाची ही किंमत कोणत्याही अंदाजपत्रकात सापडत नाही.

वही कधी मिटते?

हिशेबातली मोठी गोम काळाची आहे. निर्वासित येतो तेव्हा पहिली काही वर्षे फक्त खर्चच असतो. निवारा, धान्य, दवाखाना, शाळा. याच वर्षांत वृत्तपत्रांत लेख येतात, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात आणि ‘भार’ हा शब्द रूढ होतो. पुढे तो माणूस हातगाडी लावतो, दुकान घालतो, कर भरतो, चार जणांना कामावर ठेवतो. पण तोवर वही मिटलेली असते. गांधीनगरची बाजारपेठ किंवा उल्हासनगरचे कारखाने आपण ‘व्यापार’ या सदरात मोजतो, ‘पुनर्वसन’ या सदरात मोजत नाही. खर्च एका वहीत आणि जमा दुसऱ्या वहीत राहिली तर कोणतीही पेढी तोट्यातच दिसेल.

मात्र याची उलट बाजूही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. प्रत्येक निर्वासित वस्तीचे गांधीनगर होत नाही. ‘निर्वासित शेवटी फायद्याचेच ठरतात’ हा युक्तिवाद मला तितकाच अपुरा वाटतो. बाजारपेठ उभी करणाऱ्यालाच आसरा द्यायचा असेल तर म्हातारी बाई, आजारी माणूस, अनाथ मूल यांचे काय? वळीवड्याला आले ते बहुतांशी असेच लोक होते.

सरकारची वही आणि गावाची वही यांतला फरक रत्नागिरीला चांगला ठाऊक असायला हवा. ब्रह्मदेशचा राजा थिबा निर्वासित नव्हता, बंदिवान होता. इंग्रजांनी त्याचे राज्य घेतले, १८८६ मध्ये त्याला रत्नागिरीला आणले आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याचा तनखा, त्याची कर्जे, १९१० च्या सुमारास बांधून झालेला त्याचा राजवाडा, यांवर सरकारदरबारी वर्षानुवर्षे कागद रंगले. १९१९ मध्ये कुटुंब ब्रह्मदेशात परत गेले आणि सरकारच्या लेखी खाते संपले. पण थोरली राजकन्या रत्नागिरीला परतली आणि १९४७ मध्ये इथेच निवर्तली. तिची मुलगी इथेच वाढली, इथेच तिचा संसार झाला, मराठी बोलली आणि २००० साली गेली. तिच्या गरिबीचा भार कोणत्या सरकारने वाहिला नाही. तो शेजाराने जमेल तसा वाहिला. राजवाडा आज प्रेक्षणीय स्थळ आहे. सरकारी खर्चाची खूण उभी राहते, शेजाराच्या खर्चाची खूण राहत नाही.

ज्यांना पानच मिळाले नाही

पश्चिमेकडून आलेल्यांना भरपाईचा कायदा तरी मिळाला. पूर्व बंगालातून आलेल्यांना तसा मिळाला नाही. ती माणसे परत जातील किंवा दोन्ही बंगालांतली ये-जा सुरू राहील, या आशेवर धोरण रेंगाळले. मग १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प आला आणि त्यांना बस्तर, कोरापुटच्या जंगलांत नेले गेले. काही हजार कुटुंबे महाराष्ट्रातही आली. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा, चामोर्शी या तालुक्यांत त्यांची गावे आहेत. तिथे बंगाली बोलली जाते, भाताची आणि माशांची शेती होते. पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कोकणातल्या किती सुशिक्षितांना ही गावे माहीत आहेत?

या वस्त्यांतले पुष्कळ लोक नामशूद्र समाजाचे आहेत. हा समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो, महाराष्ट्राच्या यादीत तो नाही. म्हणजे सरकारने ज्यांना स्वतः आणून वसवले त्यांची जात सरकारच्या कागदावर वाटेतच हरवली. मुलाची शिष्यवृत्ती, नोकरीतली जागा, निवडणुकीतली राखीव जागा, सगळेच त्याबरोबर गेले. ही राज्याच्या तिजोरीची बचत म्हणायची काय? म्हणायची असेल तर ती कोणाच्या खिशातून झाली, तेही लिहिले पाहिजे. आणि ज्या जंगलात त्यांना वसवले तिथे आधीपासून राहणाऱ्या आदिवासींना कोणी विचारले होते? निर्वासित आणि आदिवासी या दोघांना एकमेकांसमोर उभे करून शहरातला मध्यमवर्ग या खर्चातून अलगद सुटला.

तो मध्यमवर्ग एकदा मात्र सुटला नव्हता. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी माणसे आली. आंतरराष्ट्रीय मदत गरजेच्या मानाने अपुरी होती. सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा आकार बसवला. ‘शरणार्थी सहायता’ असे छापलेले तिकीट पत्रावर लावावे लागे. रेल्वे आणि विमानप्रवासाच्या भाड्यावरही कर आला. साठीच्या पुढच्या वाचकांना ती तिकिटे आठवत असतील. प्रत्येक पत्रामागे पाच पैसे, म्हणजे भार सर्वांवर थोडाथोडा आणि डोळ्यांदेखत. मुंबईहून गावी येणाऱ्या पाकिटावरही ते तिकीट होते. माझ्या मते निर्वासितांसाठी खर्च उभा करण्याची आपल्याकडे झालेली ही सर्वांत प्रामाणिक तऱ्हा होती. तिलाही दुसरी बाजू आहेच. बांगलादेश झाल्यावर १९७२ च्या पहिल्या काही महिन्यांतच बहुतेक निर्वासित परतले, टपालावरचा आकार मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू राहिला. म्हणजे पाहुणे गेल्यावरही वर्षभर त्यांच्या नावाने वर्गणी चालली होती.

‘आधी आपले’ या युक्तिवादाविषयी

निर्वासितांच्या विरोधात सर्वांत वजनदार युक्तिवाद ‘आधी आपल्या माणसांचे बघा’ हा आहे. तो उडवून लावण्याजोगा नाही. ज्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो त्याने हा प्रश्न विचारला तर त्याला निष्ठुर म्हणता येणार नाही.

पण हा युक्तिवाद अनुभवावर घासून बघावा. कोयना धरणाने साताऱ्याच्या डोंगरातली अनेक गावे पाण्याखाली गेली. त्या पाण्यावर वीज तयार होते ती आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला. त्या विजेवर महाराष्ट्राचे उद्योग उभे राहिले. महाराष्ट्राचा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे कोयनेची गावे उठून बरीच वर्षे लोटल्यावर. कोयनेच्या धरणग्रस्तांचे जमिनीसाठीचे लढे त्यांच्या नातवंडांच्या काळातही संपलेले नाहीत. हे धरणग्रस्त सर्वार्थाने ‘आपले’ होते. भाषा आपली, देव आपले, नकाशा आपला. मधल्या कित्येक वर्षांत महाराष्ट्रात निर्वासितांचा कोणताही लोंढा आला नव्हता. मग निर्वासितांवर न झालेला तो खर्च या आपल्यांपर्यंत का पोहोचला नाही?

याचे उत्तर अप्रिय आहे. परक्यावरचा खर्च वाचला म्हणून तो आपोआप आपल्याकडे वळत नाही. जी शासनव्यवस्था आणि जो समाज आपल्याच विस्थापिताला चाळीस-पन्नास वर्षे ताटकळत ठेवतो, तो परक्याला घेत नाही तेव्हा आपल्यांच्या प्रेमापोटीच घेत नाही, असे म्हणता येत नाही. विस्थापिताला दिलेली जमीन, दिलेले पाणी, दिलेला कागद हा त्याचा हक्क आहे की आपली मेहरबानी, हा प्रश्न आतल्या आणि बाहेरच्या दोघांनाही सारखाच लागू आहे.

आजच्या वादाकडे

भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही आणि १९६७ च्या पुरवणी करारावरही नाही. आपल्याकडे निर्वासितांसाठी सर्वसाधारण कायदा नाही. २०२५ च्या परकीयविषयक नव्या कायद्यातही निर्वासित असा स्वतंत्र वर्ग केलेला नाही. त्यामुळे प्रत्येक समूहासाठी वेगळे धोरण चालते. तिबेटी लोकांना वसाहती मिळाल्या. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग ही त्यांपैकीच एक, १९७२ पासूनची. २०१९ च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्याने तीन शेजारी देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या सहा धर्मांच्या लोकांना नागरिकत्वाची वाट करून दिली आणि त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. त्याच शेजारातल्या इतर छळलेल्यांना ती वाट नाही. या कायद्याच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ लिहिले गेले आहे. इथे एवढेच म्हणायचे आहे की कायद्याऐवजी यादी असली की खर्चाची चर्चाही यादीप्रमाणे बदलते. यादीतल्यांचा खर्च ‘कर्तव्य’ होतो, यादीबाहेरच्यांचा ‘भार’ होतो. रुपया तोच असतो.

२०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतली आणि चिन लोक मिझोराममध्ये येऊ लागले. केंद्राचा आदेश त्यांना येऊ देऊ नये असा होता. मिझोरामच्या मुख्यमंत्र्यांनी ही आमची रक्ताची माणसे आहेत असे पंतप्रधानांना कळवले. हजारो लोकांना तिथल्या गावांनी, चर्चनी आणि तरुणांच्या संघटनांनी धान्य आणि निवारा दिला. देशातल्या एका छोट्या, फारशा श्रीमंत नसलेल्या राज्याने हे केले. मराठी वृत्तपत्रवाचकांपर्यंत ही गोष्ट क्वचितच पोहोचली. ही गावे आज करीत आहेत तेच कोल्हापूरने १९४३ मध्ये केले असे म्हणता येणार नाही, कारण मिझोरामच्या गावांमागे लंडनचे कर्ज नव्हते. त्यांचे काम अधिक अवघड आहे.

कोणाला घ्यावे, किती घ्यावे, यावर समाजात मतभेद राहणारच. सीमा असलेल्या देशाला नियम लागतात आणि नियमात ‘नाही’ म्हणण्याचा अधिकारही येतो. माझा आग्रह त्या उत्तराआधीच्या हिशेबाचा आहे. निर्वासितांच्या खर्चाचा आकडा कोणी तोंडावर फेकला, किंवा निर्वासितांच्या उपकाराची कहाणी कोणी सांगितली, तर वाचकाने सुरुवातीचे तीन प्रश्न विचारावेत. यातले कर्ज किती, देणगी किती आणि गेलेल्यांच्या घरांतून भरलेले किती? गाव, जंगल, पाणी कोणाचे वापरले आणि त्याला विचारले का? वही कोणत्या वर्षी उघडली आणि कोणत्या वर्षी मिटली?

वॉर्सात कोल्हापूरच्या नावाने स्मारक आहे ते पोलिश लोकांनी उभारले. आसरा मिळालेल्यांनी ते उभारले म्हणूनच त्याला मोल आहे. आपल्याकडे लावायची पाटी वेगळी हवी. वळीवड्याच्या छावणीची माहिती जिथे जिथे लिहिली जाईल, तिथे पोलिशांच्या पाच वर्षांखाली एक ओळ आणखी असावी : १९४८ नंतर याच जागेत सिंधमधून आलेली माणसे राहिली आणि ती आजही इथेच आहेत. ही ओळ लिहायला खर्च फारसा नाही.